मत लिहायचं असेल तर आधी दोन पेपर घ्या

सकाळी साडेसहाला बेळगावात आमच्या शहापुरातल्या गल्लीच्या तोंडाला पेपरवाला सायकल लावतो. त्याच्याकडून मी दोन पेपर घेतो, एक मराठी आणि एक कानडी. सुरुवातीला त्या पोराला गंमत वाटायची. "काका, कानडी वाचताय काय कपाटात अंथरताय?" त्याला म्हटलं, आधी वाचतो, मग अंथरतो. मराठी पेपर मात्र कपाटात अंथरत नाही. सौ.ची सक्त ताकीद आहे, शाई साड्यांना लागते.

एकतीस वर्षं मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होतो, तीही बहुतेक रात्रपाळी. दुसऱ्यांच्या मतांच्या वेलांट्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता स्वतःचं मत लिहावं. कट्ट्यावर मला 'जुन्या विचारांचा' म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. शेतातला बांध फोडण्याआधी तो कुणी आणि का घातला हे विचारणारा, फुकट आलेल्या पैशाचा हिशेब मागणारा, सरकारच्या हातात काठी देताना उद्या ती कुणाच्या हातात जाणार हे बघणारा, असा मी माणूस. अशा वळणाची बरीच तरुण पोरं हल्ली सकाळी चहाच्या आधी फोनवर राजकीय मत ठोकून मोकळी होतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी. डाव्या विचारांच्या कुणाला उपयोग झाला तर त्यालाही माझी हरकत नाही.

एक तांबडी पेन्सिल घ्या. पेन नको. पेनाची खूण पुसता येत नाही, आणि दुपारपर्यंत निम्म्या खुणा पुसाव्या लागतात.

आधी मथळा सोडून द्या

मथळा बातमी लिहिणारा देत नाही, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. वार्ताहर खानापुरातून बातमी पाठवतो. रात्री अकराला डेस्कवरचा उपसंपादक तिला मथळा देतो, आणि त्याच्यापुढे पहिला प्रश्न जागेचा असतो. दोन कॉलमात मोजकी अक्षरं बसतात. 'न्यायालयाने सरकारकडे स्पष्टीकरण मागितले' हे बसत नाही, 'कोर्टाने फटकारले' हे बसतं. 'दणका', 'हादरा', 'खडे बोल', 'तणाव' हे सगळे शब्द लहान आहेत म्हणून पेपरांचे लाडके. द्वेष दर वेळी नसतो, कधी नुसती जागेची अडचण असते. पण वाचणाऱ्याचं डोकं तापतं ते तापतंच.

'फटकारले' दिसलं की खाली उतरा आणि एकच गोष्ट शोधा. न्यायमूर्ती सुनावणीत तोंडी बोलले, की लेखी आदेश झाला? तोंडी शेरा आदेशात येईलच असं नाही. सीमाप्रश्नाचा, म्हणजे बेळगाव आणि आसपासचा मराठी भाग कुणाचा याचा, दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तेव्हापासून आम्ही बेळगावकरांनी 'मोठी घडामोड' आणि 'निर्णायक सुनावणी' इतक्या वेळा वाचली आहे, की आता तारीख पडली एवढंच वाचून पान उलटतो. अंतिम निकाल अजून नाही.

मग क्रियापदं आणि नावं यांच्याखाली रेघ मारा

दोन पेपर लागतात ते इथे. १ नोव्हेंबरचे अंक समोरासमोर ठेवा. कानडी पेपरात राज्योत्सव, मराठीत काळा दिन. १९५६ साली त्या तारखेला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, एवढं दोघांनाही मान्य. पुढचं सगळं शब्दांत. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि इकडे, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणारी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळाव्याची परवानगी मागते. मराठी पेपरात येतं 'कानडी दंडेलशाही', कानडी पेपरात त्याच दिवशी येतं 'पुंडाटिके', म्हणजे आपला पुंडपणा. दोन्ही शब्दांखाली रेघ मारा आणि ते काढून बातमी परत वाचा. काय उरतं? परवानगी मागितली, नाकारली, इतक्या जणांना ताब्यात घेतलं, संध्याकाळी सोडलं. मत लिहायचं ते या उरलेल्यावर.

कानडी येत नसेल तर शिका, मनापासून सांगतो. मला साठीनंतर आलं, तेही दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. ज्याच्यावर टीका करायची त्याचं म्हणणं त्याच्याच भाषेत वाचलेलं बरं. दुसऱ्याने सांगितलेलं भांडण नेहमी मोठं असतं.

'समजते', 'बोलले जाते', 'सूत्रांनी सांगितले', 'राजकीय वर्तुळात चर्चा' यांच्यापुढे मी छोटं शून्य काढतो. एका बातमीत तीन शून्यं झाली की त्या बातमीवर काही लिहायचं नाही. वर्तुळात काय चर्चा असते ते मी रात्रपाळीत पाहिलंय. ते वर्तुळ म्हणजे बहुतेकदा चहाची टपरी.

टीव्हीवरच्या चर्चेबद्दल फार सांगत नाही. मी ती आवाज बंद करून बघतो, कोण कुणाला बोलू देत नाही तेवढं कळतं.

मूळ कागद गाठा

आता माझी चूक सांगतो. २०२४च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने हिंदू धार्मिक संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती आणली. २१ तारखेला विधानसभेत विधेयक मंजूर झालं आणि रात्री फोनवर निरोप आला: मंदिरांवर दहा टक्के कर, हिंदूंच्या दानपेटीतला पैसा भलत्याच धर्माकडे. सौंदत्तीच्या यल्लम्माला माझी आई दर वर्षी चालत जायची. रक्त तापलं आणि तो निरोप मी चार गटांवर पुढे ढकलला, वर 'जागे व्हा' असं लिहून.

माझा भाचा सीए आहे. रात्री त्याचा फोन. "मामा, बिल वाचलासा काय?"

"पेपरात आलंय की."

"पेपर नव्हे, बिल."

वाचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने मजकूर पाठवला, दोन संध्याकाळी भिंग घेऊन बसलो. पहिली गोष्ट, हा पैसा एका सामायिक निधीत जातो आणि तो निधी हिंदू देवस्थानांसाठीच आहे, मोठ्या मंदिरांकडून घेऊन गरीब मंदिरांकडे. म्हणजे माझा निरोप सरळसरळ खोटा. दुसरी गोष्ट, अशी वसुली नवी नव्हतीच. आधीच्या कायद्यातही दहा लाखांवर उत्पन्न असलेल्या देवस्थानाच्या निव्वळ उत्पन्नातून दहा टक्के जात होते. नव्या विधेयकात दहा लाख ते एक कोटीपर्यंत पाच टक्के, आणि कोटीच्या वर दहा टक्के. लहान देवळांना उलट थोडा दिलासाच.

मग आक्षेप घ्यायला काही उरलं नाही काय? उरलं, आणि तेच मोठं होतं, फक्त ते कुठल्या निरोपात नव्हतं. कोटीच्या वरच्या देवस्थानांसाठी 'निव्वळ' हा शब्द गेला आणि 'एकूण' आला. भाच्याने कागदावर मांडून दाखवलं. समजा एका देवस्थानाला वर्षाला एक कोटी वीस लाख येतात. पूजा, नैवेद्य, पुजाऱ्यांचे पगार, वीज, दुरुस्ती यात एक कोटी जातात. उरतात वीस लाख. जुन्या हिशेबाने त्यातले दोन लाख द्यायचे. नव्या हिशेबाने एक कोटी वीस लाखांचे दहा टक्के, म्हणजे बारा लाख. उरलेल्या वीसातले बारा! एका शब्दाने दोनाचे बारा केले. आयुष्यभर शब्द तपासणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने त्या शब्दावरून डोळा फिरवला, कारण त्याने तो वाचलाच नव्हता.

विधेयक २३ तारखेला विधान परिषदेत पडलं, सरकारने ते परत आणून मंजूर करून घेतलं. तोपर्यंत माझं पत्र तयार होतं, 'निव्वळ आणि एकूण' एवढ्याच मुद्द्यावर. चारही गटांवर दुरुस्तीही टाकली. 'जागे व्हा'ला अंगठ्यांचा पाऊस पडला होता, दुरुस्तीला एक अंगठा आला, भाच्याचा.

तेव्हापासूनचा माझा शिरस्ता असा: विधेयक, शासन निर्णय, निकाल, अहवाल यातलं काही बातमीत असेल तर तो कागद उघडल्याशिवाय लिहायचं नाही. सगळा वाचायला नको. व्याख्या वाचा, आकडे वाचा, आणि जुन्या कलमातला कुठला शब्द गेला ते बघा.

महाजन अहवालाचंच घ्या. सीमाप्रश्नासाठी १९६६ साली नेमलेल्या आयोगाचा हा अहवाल १९६७ साली आला. आमच्याकडे लहानपणापासून एकच ऐकलं, महाजन अन्यायी. पलीकडे एकच ऐकू येतं, महाजन अंतिम. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं त्यात आहे, ते आम्हाला सलतं. पण निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही त्यातच आहे, आणि २४७ गावं महाराष्ट्रातून कर्नाटकला. 'अंतिम' म्हणणाऱ्याला मी शांतपणे विचारतो, मग निपाणी कधी देताय? 'अन्यायी' म्हणणाऱ्या आमच्या लोकांनाही ही २६४ची गोष्ट सांगितली की ते गप्प होतात. दोन्ही बाजू गप्प बसतात तो कागद वाचण्यासारखा असतो.

पाटी उलटी करा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवा. लिहिलेल्या मतातलं पक्षाचं किंवा राज्याचं नाव खोडून तिथे समोरच्याचं घाला आणि परत वाचा. लाज वाटली तर कागद फाडा.

सीमेवर राहण्याचा हा एक फायदा. इथे उलटी पाटी शोधायला लांब जावं लागत नाही, ती नात्यातच असते. आमच्या घरात गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार येतात. २०२३च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारने बायकांसाठी ही योजना सुरू केली, पैसे सौ.च्या खात्यात, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. माझी पुतणी पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला दिली आहे, इथून तासा-दीड तासावर. तिला २०२४पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, ते महायुती सरकारचे. पंतप्रधानांनी २०२२च्या जुलैमध्ये फुकट वाटपाला 'रेवडी' हा शब्द वापरला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. गृहलक्ष्मी आली तेव्हा आमच्या बाजूच्या लेखकांनी 'रेवडी, तिजोरी रिकामी' म्हणून रकाने भरले. वर्षभरात चंदगडला दीड हजार सुरू झाले तेव्हा त्याच लेखण्यांना मातृशक्तीचा सन्मान दिसला. आता डाव्यांची पाटी उलटा: बेंगळुरूत तो सामाजिक न्याय, मुंबईत मतांची खरेदी.

मी पुतणीला विचारलं, तुझे पैसे रेवडी की सन्मान? ती म्हणाली, "काका, काकूंचे बंद करा, मग माझ्यावर बोला." यावर काय बोलणार? माझं मत अजूनही तेच आहे. कर्जावर खर्च वाढवून दर महिन्याला पैसे वाटणं कुठल्याही सरकारला परवडणारं नाही, आणि रस्त्याचा पैसा त्यातच जातो. पण आता ते मी दोन्ही राज्यांची नावं घालून लिहितो, आणि आमच्या घरात पैसे येतात हे पहिल्या ओळीत.

पाट्यांचंही तसंच, म्हणजे दुकानांवरच्या खऱ्या पाट्यांचं. २०२४ साली कर्नाटकाने फलकावर साठ टक्के कानडी सक्तीची केली. खडेबाजारात फिरलं की मराठी अक्षरं आक्रसलेली दिसतात, पोटात कालवतं. पण २०२३च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर पेढे वाटले होते. मीही खाल्ला. आता अक्कलकोटच्या किंवा जतच्या कानडी दुकानदाराच्या खुर्चीत बसून तो पेढा गोड लागतो का ते बघा. पुष्कळ विचार करून मी या ठिकाणी आलोय: राज्याची भाषा फलकावर हवी, एवढं सांगायचा राज्याला हक्क आहे. दुसरी भाषा किती लहान हवी हे पट्टी घेऊन मोजायचा नाही. दुकान त्याचं, गिऱ्हाईक त्याचं, उरलेली जागा त्याची. कट्ट्यावर हे दोघांनाच पटतं.

२०२५च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून हिंदीचा निर्णय काढला. 'राष्ट्रहित' म्हणून त्याची बाजू घेणाऱ्या माझ्या विचारांच्या मित्रांना मी एवढंच विचारलं, हेच वाक्य कन्नडसक्तीसाठी बेंगळुरूतल्या मंत्र्याने वापरलं तर तुम्ही काय म्हणाल? जूनअखेर तो निर्णय मागे घेतला गेला. मित्र अजून फुगून आहेत.

तीन दिवस थांबा

२०२५च्या फेब्रुवारीत बाळेकुंद्रीजवळ बसमध्ये कंडक्टरला मारहाण झाली. पहिल्या दिवशी बातमी: मराठी बोल म्हणून मारलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टरवरच उलट तक्रार. मग चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या बसच्या चालकाला काळं फासलं, दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबल्या. काही दिवसांनी कंडक्टरविरुद्धच्या तक्रारदाराच्या घरच्यांनी तक्रार मागे घेत असल्याचं सांगितलं. २२ मार्चला कर्नाटक बंद. पहिल्या दिवशी जे कुणी जोरात लिहिलं, मग ते कुठल्याही भाषेत असो, ते तिसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच वाचवत नव्हतं.

मारहाणीच्या, भाषेच्या, धर्माच्या बातमीवर मी तीन दिवस लिहीत नाही. पहिल्या दिवशी फक्त वहीत टिपतो, कोण काय म्हणालं आणि कुठे छापून आलं. आपल्या विचाराच्या माणसाला तर यात कमीपणा वाटायला नको. पोलीस, पंचनामा, कोर्ट या संस्थांवर आपला विश्वास आहे असं आपणच सांगत असतो ना? मग त्यांना तीन दिवस तरी द्या. तोपर्यंत कोल्हापूरला जायचं असेल तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत जाऊन पलीकडची गाडी पकडायची, आम्हाला सवय आहे.

आता पत्र लिहा

दोनशे शब्द, त्याहून जास्त नको. कलमाचा, तारखेचा किंवा आकड्याचा एक तरी खुंटा पाहिजे, ज्याला दावं बांधता येईल. विरोधकाचं सगळ्यात चांगलं म्हणणं दुसऱ्या वाक्यात द्या, सगळ्यात मूर्खपणाचं नव्हे. विशेषणं काढा. 'तथाकथित' हा शब्द तर मी पोरांना वापरूच देत नाही. त्याने कुणाचं मत बदललेलं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही.

माझ्या एका पत्राची सुरुवात अशी होती:

'माझ्या घरात गृहलक्ष्मीचे दोन हजार रुपये येतात हे आधी सांगतो. गरीब घरातल्या बाईच्या हातात थेट पैसा गेला की तो पोरांच्या पोटात जातो, हे योजनेच्या बाजूचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांना माझा एक प्रश्न आहे: या पैशासाठी यंदा कुठलं काम थांबवलं, ते अर्थसंकल्पात एका ओळीत का लिहीत नाही?'

हे पत्र एका दैनिकाने छापलं. जागा कमी होती म्हणून कर्नाटक हा शब्द ठेवून महाराष्ट्र आणि 'दोन्ही' हे शब्द उडवले. सकाळी कट्ट्यावर मी काँग्रेसविरोधी ठरलो, संध्याकाळी पुतणीचा फोन, "काका, आता फक्त काकूंचेच काय?" चूक माझीही होती. कापाकापीत काय आधी जातं हे मला ठाऊक असायला हवं होतं. शेपूट आधी जातं, मग 'आणि'च्या पुढचं. तेव्हापासून दोन्ही नावं मी वेगवेगळ्या वाक्यांत, पहिल्या चार ओळींतच घालतो. एक वाक्य कापलं तर दुसरं लंगडं पडेल, अशी बांधणी करतो.

पत्र लिहून झालं की घरात मोठ्याने वाचा. आमच्याकडे सौ. भाजी निवडत ऐकते. जिथे तिचा हात थांबतो तिथे काहीतरी चुकलेलं असतं. परवा एका वाक्याला थांबली आणि म्हणाली, "हे तुम्ही लिहिलाय काय त्या टीव्हीवाल्यानं?" वाक्य काढलं. शेवटी पूर्ण नाव, गल्ली आणि गाव लिहायचं. गावाचं नाव मी बेळगाव लिहितो. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर ते बेळगावी आहे, आणि कानडी पेपराला पाठवताना तसंच लिहितो, कारण तिथे भांडण त्या नावाचं नसतं, मजकुराचं असतं. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तारीख घालून. छापून आलेलं कात्रण तिच्या शेजारी चिकटवा आणि काय काय उडालं त्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारा.